तुमचा डबा आता वीस मिनिटांनी झोपतो

अहो, तुमच्या भावाला तुमचा डबा देऊन टाकला. तुम्ही असता तर म्हणाला असतात, बरं केलंस मंजू. थांबा. देताना त्यात वीस मिनिटांची झोप घालून दिली आहे, आणि ती त्याला काढता येत नाही. आता म्हणा काय म्हणायचं ते.

मराठी मंडळाचे लोक आले, अंकासाठी तुमच्याविषयी चार शब्द लिहून द्या, असं सांगून गेले. मनमिळाऊ होते, कोणाच्याही मदतीला धावायचे, हेब्बाळच्या कारखान्यात अजून लोक आठवण काढतात, असलं काहीतरी त्यांना हवं असणार. ते दुसरं कोणीही लिहील, आणि ते खरंच आहे. तुम्ही मनमिळाऊ होतात म्हणून तर एवढं काम माझ्यासाठी मागे राहिलं. रागवायचं तुम्हाला कधी जमलं नाही. स्कूटरची किल्ली आणि गॅसचं पुस्तक जसं माझ्याकडे आलं, तसं तेही आलं.

एक आधीच सांगते. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते, अहो-जाहो करते, आजही करते. इथं 'तो' म्हणणार आहे. अडवायला तुम्ही नाही आहात.

डबा म्हणजे काय, ते वाचणाऱ्यांना सांगायला हवं. कारखान्याच्या ऑफिसातून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर तुम्ही घरी आणलात, त्याच्या पोटातलं सगळं बदललंत, हॉलमध्ये टीव्हीखालच्या फळीवर ठेवलात आणि त्याला चार स्पीकर नि एक रिमोट जोडलात. सिनेमे, गाणी, क्रिकेट, कोणाकोणाच्या लग्नाच्या सीडी, सगळं त्यातून. तुम्ही त्याला 'थिएटर' म्हणायचात. मी डबा.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. तुमचा डबा झोपत नसे. मी मुलींचं हॉस्टेल चालवते. ठरल्या वेळी दिवे बंद, कोणी जागं दिसलं की दारावर टकटक. आणि माझ्याच हॉलमध्ये एक यंत्र चोवीस तास टक्क जागं. पंखा घरघरतोय, फळी तापलीय आणि समोर तो निळा दिवा. शेवटी त्या दिव्यावर मी माझी एक टिकली चिकटवली. तुम्ही पोट धरून हसलात. "आता ते सवाष्ण झालं की गं," म्हणालात.

"झोपू द्या ना त्याला," मी म्हणायची. "वापरत नसलं की आपोआप झोपायची सोय असते त्यात. तुम्हीच सांगितलंत."

"झोपतंय मंजू. उठताना कटकट करतंय. चित्र येतंय, आवाज विसरतंय. मग टीव्ही बंद करा, चालू करा, परत बंद करा. सुम्ने कशाला ती उठाठेव?"

"म्हणजे उठवायचा कंटाळा म्हणून जागं ठेवायचं."

"तुझ्या पोरींना सकाळी उठवतीस ना? मग तुला कळायला पाहिजे."

सुम्ने म्हणजे उगाच. तुमच्या घरात 'उगाच' कोणी म्हणतच नाही. मी बेळगावची, मला कन्नड परकं नव्हतं, पण मराठी वाक्याच्या मधोमध ते असं पाय पसरून बसलेलं मी म्हैसूरला आल्यावरच पाहिलं. पुढं तुम्ही थोडं ऐकलंत. सिनेमा चालू असला की डब्याला जागं ठेवायचं, नसला की अर्ध्या तासानं झोपवायचं, असा एक छोटा प्रोग्रॅम त्यात बसवलात आणि मला एखादी साडी आणल्यासारखं येऊन सांगितलंत. पंखा बंद झाल्यावर हॉल किती शांत होतो, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला सांगितलं नाही. भांडण चालू ठेवायचं होतं.

रविवार मात्र तुमच्या भावाचा. वरुणा गावाहून मोटारसायकलवर यायचा, येताना पिशवीत मटण. मी सारू, म्हणजे रस्सा, करायची, नाचणीच्या उकडीचे गोळे, ते मुद्दे, वळायची, आणि जेवण झालं की वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन तो म्हणायचा, "लाव रे अप्पांची कुस्ती."

अप्पा म्हणजे माझे मामंजी. तरुणपणी ते गरडीत, म्हणजे तालमीत, वाढले. वय उतरल्यावर एका दसऱ्याला त्यांनी हट्टानं शेवटची कुस्ती धरली आणि ती कोणीतरी कॅमेऱ्यावर घेतली. पाऊण तासाची टेप. बुरशी आलेली ती टेप तुम्ही पुसून, सुकवून डब्यात उतरवलीत. त्यात बराच वेळ मामंजी खाली असतात, तोंड मातीत, आणि वर एक तरणाबांड गडी. शेवटाला कुठं ते उलटतात. तुम्ही दोघं दर रविवारी ती मातीला नमस्कार करण्यापासून बघायचात. पुढं ढकलून बघायचं नाही, म्हणजे नाही. आणि दर वेळी आजच चालली असल्यासारखा आरडाओरडा. तो मांडी थोपटायचा. "पाय घाल अप्पा, पाय घाल." मी आतून ओरडायची, "जिंकतात हो ते. माहीत आहे ना?"

"तू गप गं," दोघं एकदम.

आता त्या गंधाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्याकडे खंडेनवमी म्हणतात, तुमच्याकडे आयुधपूजा. तुमच्या घराण्यात कोणी राजाच्या फौजेत बारगीर होता, त्याची आखूड तलवार एरवी कपाटावर पडून असते. त्या दिवशी ती खाली येते. तिच्या शेजारी स्क्रूड्रायव्हर, मिक्सर, माझी कात्री, स्कूटरची किल्ली आणि तुमचा डबा. घरच्या बाईनं चंदन उगाळून सगळ्यांना गंध-कुंकू लावायचं. आणि तुमच्या घरचा नियम असा, की हत्याराला लावलेलं गंध पुसायचं नाही. झडेल तेव्हा आपोआप झडेल. हत्यार घराबाहेर जाणार असेल, तरी गंध लावूनच जाणार.

पहिल्या वर्षी डब्याला लावताना मी त्याचं कपाळ शोधलं. पुढच्या बाजूला मधोमध एक काळी चकचकीत काच दिसली. तिथं दाट बोट ओढलं, वर कुंकू. मला काय माहीत तो त्याचा डोळा आहे.

दुसऱ्या दिवसापासून रिमोटनं डबा उठेना. तुम्ही पोटावर पडून बॅटरी मारून बघितलंत. रिमोटचे सेल बदललेत. रिमोट, बटण, कीबोर्ड, यांतल्या कोणाला डबा उठवायची परवानगी आहे, कोणाला नाही, त्या आतल्या सगळ्या खुणा काढून परत घातल्यात. "झोपेतच काहीतरी बिघडलंय," म्हणालात. रविवारी तुमच्या भावानं धूळ असणार असं निदान केलं आणि फुंकर मारली. मी फडकं घेऊन फळी पुसत होते.

"रिमोटचा उजेड आत कुठून जातो?" मी विचारलं.

तुम्ही बोट दाखवलंत. ते नेमकं गंधावर पडलं. तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मग मी फडकं पुढं केलं, आणि तुम्ही माझं मनगट धरलंत.

"पुसू नको."

"अहो, एका हाताचं काम आहे."

"पुसायचं नसतं गं. झडेल."

आणि ते झडेपर्यंत तुम्ही दोघं कर्ते पुरुष आळीपाळीनं उठून डब्यामागचं बटण दाबत होतात. एक कारखान्यात वीजविभाग सांभाळणारा, दुसरा त्याचा मोठा भाऊ. मी तेव्हा मनात टिपून ठेवलं, की या घरात एकाच गोष्टीला कोणी हात लावत नाही.

मग तुमचं दुखणं आलं. खाट हॉलमध्ये आणली, डब्यासमोर. तुमचा भाऊ पहिल्यांदा आला तो दारातूनच बघून गेला. चप्पलही काढली नाही. त्यानंतर फोन. "बघवत नाही रे मला." हे त्यानं तुम्हालाच सांगितलं, आणि तुम्ही त्याची समजूत घातलीत. "आयतु अण्णा, बिडु. सोड ते. बरं वाटलं की ये." मी औषधाचा चमचा घेऊन उभी होते. आजारी कोण होतं, मला एकदा सांगा. बरं कोणाला वाटायचं होतं?

दर रविवारी सकाळी तुम्ही मला डब्यासमोर बसवायचात.

"मंजू, झोप काढ त्याची. अण्णा येईल. तो आल्यावर आवाज विसरलं, तर त्याला सुम्ने थांबायला लागेल."

"तुम्ही पडून राहा. कुठं जायचं ते सांगा."

"पॉवर उघड. खाली ये. झोपेची ओळ दिसली? किती मिनिटं विचारतंय, ते उघड. अगदी शेवटी बघ. 'कधीच नाही'. ते दाब."

मी दाबायची. डबा दिवसभर जागा राहायचा, फळी तापायची. मटण यायचं बंद झालं होतं, पण तांदूळ मी एक वाटी जास्त घ्यायची, कारण तुम्ही विचारायचात. संध्याकाळी तुम्ही म्हणायचात, "लाव परत अर्ध्या तासावर." बाकी काही नाही. चिडला असतात तर मला बरं वाटलं असतं.

एकदा त्याचा मेसेज आला. सोसले गावच्या मठात तुझ्यासाठी दिवा लावला. तुम्ही तो मला वाचून दाखवलात, केवढ्या आनंदानं. मी म्हटलं, वरुणाहून सोसले लांब आहे, आपलं घर जवळ आहे.

"मंजू, माणूस घाबरतंय. जाऊ दे गं."

"मी नाही घाबरले?"

तुम्ही म्हणालात, "तू कुठं घाबरतीस."

हे भांडण आपलं अर्धं राहिलं. मला त्याचं उत्तर द्यायचं होतं, आणि त्याच वेळी तुम्हाला कूस बदलायची होती. मग राहूनच गेलं. आता देते. घाबरत होते. रोज. पण खाटेशी कोणीतरी एकानं तरी उभं राहायला हवं होतं, म्हणून त्या कामाला वेळ नव्हता.

त्या रविवारांचं एक मात्र कबूल करायला हवं. झोप काढण्यापासून सुरुवात करून तुम्ही मला डब्याचं सगळं शिकवलंत. ठरल्या वेळी सक्तीनं कसं झोपवायचं. उठवायचा हक्क रिमोटला द्यायचा की बटणाला. आवाज विसरला तर आठवण कशी करून द्यायची. दुसऱ्यानं सेटिंगला हात लावू नये म्हणून पासवर्ड कुठं घालायचा. मी चुकले की तुम्ही "अय्यो, ते नव्हे" म्हणून उशीवरून मान उचलायचात, आणि तुमच्या आवाजात कारखाना परत यायचा. तेवढा वेळ तुम्हाला कोणी आजारी म्हणालं नसतं. मला त्या यंत्रात काडीचा रस नव्हता. तरी मी दोनदा मुद्दाम चुकायची. हे तुम्हाला कळलं होतं का, विचारायचं राहिलं.

तुम्ही गेलात तेव्हा तो आला. सगळ्यांच्या पुढं होता. रडला, खांदा दिला, तेराव्याला पंगतीत वाढायला फिरला. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी ऐकून घेतलं. जेवणं उरकल्यावर तो हॉलमध्ये डब्यासमोर उभा राहिला.

"मंजुळा, हे थिएटर मी नेतो. त्याची आठवण म्हणून. अप्पांची कुस्ती पण यातच आहे. तुला काय कळतंय त्यातलं, इथं सुम्ने पडून राहील."

तोपर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं. खरंच नव्हतं. 'तुला काय कळतंय त्यातलं' ऐकलं आणि ठरलं.

"न्या ना भावजी," मी म्हटलं. "पण आज नको. उद्या पूजा करून देते. घरचं हत्यार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यासमोर बसले. तुमचा तो जागं ठेवणारा प्रोग्रॅम काढून टाकला. उठल्यापासून वीस मिनिटं झाली की झोपायचं, सिनेमा असो, क्रिकेट असो, कोणी माऊस हलवो न हलवो, अशी आज्ञा घातली. वर नवा पासवर्ड. वीसच का, ते तुम्हाला कळेल. मी कुस्ती लावून बघितली. विसाव्या मिनिटाला मामंजी अगदी तळाशी असतात.

मग चंदन उगाळलं. जाऊबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "तू कशाला लावतीस आता? सरक, मी लावते," म्हणाल्या. 'आता' वर जरा जोर होता.

मी म्हटलं, "अक्का, हत्याराला घरची बाई लावते. मी घरची बाई आहे."

आणि त्या काळ्या काचेवर, बरोब्बर मधोमध, चांगलं दाट बोट ओढलं. तुमचा भाऊ बघत होता. त्याला सगळं आठवलं असणार. पण नियम त्याच्याच घरचा. त्यानं हात जोडले.

पहिला फोन फार लवकर आला.

"मंजुळा, हे मध्येच झोपतंय."

"हो का? दमलं असेल."

"रिमोट पण चालत नाही. ते गंध..."

"झडेल ना भावजी."

मग रोज काहीतरी. उठवलं की आवाज नाही. आवाज आणेपर्यंत वीस मिनिटं संपतात. अप्पांची कुस्ती तुकड्यातुकड्यानं बघायची का, तीही मुकी? दुकानात नेलं, तर दुकानदार म्हणाला, पासवर्ड नसला तर आतलं सगळं पुसून नवं घालावं लागेल. सगळं म्हणजे कुस्तीही. तिथून त्यानं डबा उचलून परत आणला. मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. नाही वाटलं.

"इथं घेऊन या," मी म्हटलं. "रविवारी. मला बाकीच्या दिवशी हॉस्टेल असतं."

तो येण्याआधी मी वेताच्या दोन्ही खुर्च्या हॉस्टेलच्या ऑफिसात पाठवल्या. खाट तिथंच ठेवली होती. शेजारच्या बाई म्हणत होत्या, काढून टाका, बघितली की जीव तुटतो. मी म्हटलं, कामाची आहे.

मोटारसायकलच्या मागच्या सीटवर चादरीत बांधून त्यानं डबा आणला. या वेळी चप्पल काढली.

"खुर्च्या कुठं गेल्या?"

"हॉस्टेलला लागत होत्या. बसा ना. खाट आहे की."

तो बराच वेळ उभा राहिला. मी वायरी जोडत होते, मान वर केली नाही. मग खाट वाजली. अगदी कडेला बसला होता, तुमचे पाय असायचे तिथं.

कीबोर्ड मी माझ्याकडेच ठेवला होता. पॉवर, खाली, झोपेची ओळ. सक्तीची आज्ञाही थांबवली. त्याला वाटलं मी काही मोठं करते आहे. "चालवून बघायला लागेल," मी म्हटलं, आणि कुस्ती लावली. मातीच्या नमस्कारापासून.

त्यानं मांडी थोपटली नाही. पाय घाल म्हणाला नाही. विसावं मिनिट आलं, गेलं. मामंजी खाली होते. पडदा काळा झाला नाही, तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि परत समोर. शेवटी मामंजी उलटले, लोक आत घुसले, कोणीतरी कॅमेऱ्याला धक्का मारला आणि आभाळ दिसलं. टेप तिथं संपते.

"उठले अप्पा," तो म्हणाला, हळू. मग, "मंजुळा, मी येत नव्हतो तेव्हा विचारत होता का तो माझं?"

"दर रविवारी."

"काय म्हणायचा?"

"झोप काढ त्याची, म्हणायचे. अण्णा येईल."

त्याला कळलं नाही. म्हणून मी समजावून सांगितलं. सकाळी काय दाबायची, संध्याकाळी काय दाबायची, मधल्या वेळात तुम्ही दाराकडे तोंड करून कसे पडायचात, तांदळाची वाटी, सगळं. तुम्ही मला शिकवायचात तसंच, एकेक पायरी, काही न गाळता. सौम्य करून सांगता आलं असतं. केलं नाही. ज्या चादरीत डबा बांधून आणला होता, ती त्यानं तोंडावर घेतली आणि रडला. तेराव्याला रडला होता तसा नाही. त्या दिवशी बघायला लोक होते.

मी आत गेले. कॉफी टाकली नाही. पावडर होती.

जाण्याआधी मी वीस मिनिटं परत घालून ठेवली.

"झालं ना दुरुस्त?" त्यानं विचारलं.

"घरी लावून बघा. नाही चाललं, तर आणा."

चाललं नाही, अर्थात. तेव्हापासून तो दर रविवारी येतो. चादर सोडतो, खाटेवर बसतो, कुस्ती शेवटापर्यंत बघतो, चादर बांधतो, जातो. आता कडेला बसत नाही, जरा मध्ये बसतो. मधूनच बोलतो. लहानपणी तुम्ही त्याची सायकल उघडून परत जोडली आणि चार नट उरले, ते सांगितलं. उरलेले नट तुम्ही अंगणात पुरले होते म्हणे. हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, आणि हे मला त्याच्याकडून कळावं. त्याचाही मला रागच आला.

मागच्या रविवारी म्हणाला, "मला शिकव की ते. दर वेळी तुला कशाला त्रास?"

मी वाटच बघत होते.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं, भावजी."

त्यानं मान खाली घातली. आपलेच शब्द आहेत, हे कळलं त्याला. मग म्हणाला, "गंध झडायला लागलंय गं. जवळ धरलं की रिमोट चालतोय."

मी उठले, चंदन उगाळलं आणि नवं लावलं. पहिल्यापेक्षा दाट. तो खाटेवरून बघत होता. डबा चादरीत गुंडाळताना मात्र गंधाला चादर लागू नये म्हणून त्यानं तिथं हात आडवा धरला.

मला वाटतं, त्याला सगळं कधीच कळलंय. पण मला नुसतं वाटून चालत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. हा अंक त्याच्या घरी जातो. वर्गणीदार आहे तो. म्हणून पुढचं त्याच्यासाठी. संपादकांना विनंती, काही कापायचं असेल तर सगळंच कापा, हे तेवढं कापू नका.

भावजी, डबा बिघडलेला नाही. वीस मिनिटं मी घातली आहेत. पासवर्ड 'ravivar', सगळी छोटी अक्षरं. आत गेल्यावर पॉवर उघडा, खाली या, झोपेच्या ओळीत अगदी शेवटचं 'कधीच नाही' आहे, ते दाबा. त्याच पानावर खाली वीस मिनिटांची आज्ञा दिसेल, ती काढून टाका. कीबोर्ड कोणाचाही चालेल. गंध ओल्या फडक्यानं निघतं. पुसायचं की नाही, ते तुमच्या घराण्याचं तुम्ही बघा. एवढं केलंत की कुस्ती तुमच्या घरी, तुमच्या खुर्चीत, आवाजासकट शेवटपर्यंत दिसेल. आता माझ्याकडे यायचं तुम्हाला काही कारण उरलेलं नाही. त्यांच्या दुखण्यातही यायला कारण नव्हतं, नुसता भाऊ होता.

अहो, तुम्ही म्हणाल, जाऊ दे गं मंजू. नाही जाऊ देत. तुम्ही जेवढे रविवार दाराकडे तोंड करून काढलेत, तेवढे त्यानं त्या खाटेवर बसावं, असं माझ्या मनात आहे, आणि तसं ते राहणार. आला तर तुमचा भाऊ तुम्हाला मिळाला. नाही आला, तर मी त्याला ओळखलं होतं ते बरोबर होतं, आणि आपलं ते भांडण मी जिंकले.

वाट बघणं मात्र मला जमणार नाही, ती तुमची सवय. येत्या रविवारी मला हॉलचे पडदे धुवायचे आहेत. त्यामुळे घरीच आहे.